सायकल, झगा आणि साडीची जाळी

लेडीज सायकलीला मधला आडवा दांडा नसतो. त्याचे कारण सव्वाशे वर्षांपूर्वीच्या विलायती झग्यात आहे.

इंग्लंडातील कॉव्हेंट्री गावी जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ साली ‘रोव्हर’ ही सायकल काढली. तिची दोन्ही चाके जवळजवळ सारखी होती. १८८८ साली डनलॉपसाहेबांचा हवेचा टायर आला, बसणे सुखाचे झाले आणि बायकाही सायकलीवर बसू लागल्या. पण अंगावर काय? घोट्यापर्यंत झगा, आत परकर, कमरेला आवळलेला कॉर्सेट! लंडनमध्ये १८८१ साली ‘रॅशनल ड्रेस सोसायटी’ निघाली होती. तिचे म्हणणे असे की, बाईच्या आतल्या कपड्यांचे वजन सात पौंडांहून जास्त नसावे. सात पौंड म्हणजे तीन किलोहून थोडे अधिक. एवढे आत घालायचे आणि त्यालाच सुधारणा म्हणायचे!

कारखानदारांनी कपड्याला हात न लावता सायकलच बदलली. दांडा काढला, साखळीवर झाकण घातले, मागच्या चाकाला दोऱ्यांची जाळी विणली. सायकल मात्र जड झाली. ॲनी लंडनडेरी ही तीन मुलांची आई १८९४ साली बोस्टनहून जगप्रवासाला निघाली, तेव्हा तिची बायकी सायकल ४२ पौंडांची होती. शिकागोला तिने २१ पौंडांची पुरुषी सायकल घेतली आणि झगा सोडून ढगळ विजार चढवली. त्या विजारीला ब्लूमर म्हणत. १८५१ साली अमेरिकेत अमेलिया ब्लूमर या बाईंनी तिचा पुरस्कार केला, म्हणून हे नाव.

विजार घातली की सायकल सोपी, पण लोक कठीण. लेडी हार्बरटन या सोसायटीच्या पुढारी. १८९८ च्या ऑक्टोबरात त्या सायकलीवरून सरे परगण्यातील ऑकहॅम गावच्या हॉटबॉय हॉटेलात जेवायला उतरल्या. अंगावर ढगळ विजार व कोट. मालकिणीने कॉफीच्या दालनात बसू दिले नाही, दारूच्या गुत्त्याजवळची खोली दाखवली. नाही म्हणणारी बाईच होती, हे मला जास्त लागले. सायकलस्वारांच्या संस्थेने १८९९ साली फिर्याद चालवली, पण मालकीण सुटली. जेवण नाकारले नव्हते, दुसऱ्या खोलीत देऊ केले होते, एवढ्यावर!

अशा वेळी गरीब-मध्यम घरच्या बाईने करावे काय? घातला झगा तर चाकात जाणार, घातली विजार तर रस्त्यात टवाळी. यावर खरी तोड काढली ती ॲलिस बायग्रेव्ह या लंडनच्या शिंपीणबाईने. १८९५ साली तिने एका झग्याचे पेटंट घेतले. परकराच्या नेफ्यात आपण नाडी ओवतो, तशा तिने झग्याच्या शिवणीतून पुढे-मागे दोऱ्या ओवल्या. कमरेशी दोरी ओढली की घेर वर, सोडली की खाली. सायकलीवरून उतरून बाई कोणाच्याही दिवाणखान्यात जायला मोकळी. ज्यांनी शिवणयंत्र चालवले आहे त्यांना यातली अक्कल कळेल; वर चुण्या पडू द्यायच्या आणि खाली शिवण ताणू द्यायची नाही, हे सोपे नव्हे. मला तर लेडीसाहेबांच्या खटल्यापेक्षा ही शिंपीण मोठी वाटते.

आपल्याकडे नऊवारीचा कासोटा म्हणजे निम्मी विजारच, तिला सायकलीची अडचण नव्हती. अडचण आणली पाचवारी गोल साडीने. मग विलायती झग्यासाठी निघालेली तीच जाळी निऱ्यांच्या कामी आली. पुढे मोटारसायकलीवर मागे बसणाऱ्यांसाठी ती कायद्यातच आली. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातील १२३ वा नियम सांगतो की, कपडा अडकू नये म्हणून मागचे चाक निदान अर्धे झाकलेले असावे. दुकानात तिला ‘साडीगार्ड’ म्हणतात. ओढणीला मात्र ती जाळी पुरत नाही. ओढणी अजून गाठ मारून कमरेलाच बांधावी लागते.