सीतेला विचारलं होतं का?

आजचा भाग एका भांडणातून सुरू होतोय, आणि भांडण आमच्या घरातलंच आहे.

माझा मावसभाऊ इंदापूरला असतो. त्याला पुण्यात चांगली नोकरी मिळत होती. त्याने ती नाकारली. वहिनीचं शिवणकाम गावात नुकतं कुठे जम धरत होतं, तिची बसलेली घडी मोडायला नको, असा त्याचा विचार. पण तिला यातलं एक अक्षर बोलला नाही. चार महिन्यांनी तिला ते तिसऱ्याच माणसाकडून कळलं आणि दोन दिवस तिने अबोला धरला. तो मला म्हणाला, "ताई, मी तिच्यासाठीच सोडली ना? मग चिडायचं काय कारण?"

त्याच सुमारास 'रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम' पुन्हा थिएटरात लागला होता, 24 जानेवारी 2025 ला. युगो साको हे जपानी दिग्दर्शक आणि आपले राम मोहन यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला केलेला हा अ‍ॅनिमेशनपट. आम्ही सगळे गेलो. सोन्याचं हरीण, आकाशातून जाणारा रथ, समुद्रावरचा सेतू, सगळं हाताने काढलेलं. पोरं खूश. परत येताना गाडीत वहिनी म्हणाली, "पुढचं दाखवलंच नाही. तिला रानात सोडलं ते." मग थोडं थांबून, "तिला विचारलं होतं का?"

गाडीत कुणी बोललं नाही. माझ्या डोक्यात मात्र तो प्रश्न राहिला.

आता बघा, रामायणात वनवास दोन आहेत. पहिला अयोध्याकांडात. राम सीतेला सांगतो, तू इथेच राहा, रानात हाल होतील. म्हणजे तिच्या भल्याचंच बोलतोय. पण सीता ऐकून घेत नाही, वाद घालते. वाल्मीकींची सीता इथे चांगलीच तिखट आहे, रामाच्या पुरुषपणावरच बोट ठेवते. शेवटी राम मानतो आणि दोघं निघतात. चौदा वर्षं रानात काढायची आहेत, पण निर्णय दोघांचा आहे.

दुसरा वनवास उत्तरकांडात. लोक सीतेबद्दल बोलतात, राम राजा म्हणून तिचा त्याग करायचं ठरवतो. सीता गरोदर आहे. तिला गंगाकाठचे आश्रम बघायची इच्छा होती, त्याच निमित्ताने लक्ष्मण तिला रथातून नेतो. खरं काय ते तिला नदी ओलांडल्यावर कळतं. रामालाही हे सोपं गेलं नाही. तो दुसरं लग्न करत नाही, यज्ञाला शेजारी सीतेची सोन्याची मूर्ती बसवतो. म्हणजे त्याग त्याचाही आहेच. फरक एवढाच, की पहिल्या वेळी दोघं भांडले होते आणि दुसऱ्या वेळी बोलणंच झालं नाही.

माझ्या मते या गोष्टीतली सगळ्यात मोठी जखम तीच आहे.

आता इंदापूरहून बारामतीला येऊ. कऱ्हेकाठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. बाबूजी नाईक म्हणजे पेशवाईतले बडे सावकार, पेशव्यांचे सोयरे. त्यांच्या आश्रयाला पन्हाळ्याहून एक कवी आला, मोरेश्वर रामचंद्र पराडकर. आपण त्यांना मोरोपंत म्हणतो. जन्म 1729, मृत्यू 1794, बारामतीतच. शाळेत 'केकावली'चं नाव ऐकलं असेल. या माणसाने अख्खं महाभारत आर्यांमध्ये आणलं आणि रामायण किती वेळा लिहिलं? 108 रामायणं त्यांच्या नावावर सांगतात!

एकच गोष्ट इतक्यांदा कशाला? बरेच जण म्हणतात, शब्दांची कसरत. खोटं नाही ते. त्यांचं एक 'निरोष्ठ रामायण' आहे, म्हणजे ओठाला ओठ न लावता म्हणायचं. प, फ, ब, भ, म ही अक्षरं बाद. आत्ता करून बघा, 'राम' म्हणताना ओठ मिटतातच. म्हणजे त्या रामायणात रामाला 'राम' म्हणून हाक मारायची सोयच नाही. 'सीता' मात्र बिनधास्त म्हणता येतं.

आणि एक आहे 'परंतु रामायण'. 'परंतु' या शब्दाभोवती गुंफलेलं. पंतांनी तो खेळ म्हणूनच केला असेल, पण मला ते नावच फार आवडतं. कारण रामायण ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या मनात कुठेतरी एक 'परंतु' येतोच. वहिनीच्या मनात गाडीत आला, तोच.

पंतांनी बायकांना गाता येतील अशीही गीतं लिहिली. 'सीतागीत', 'सावित्रीगीत', 'रुक्मिणीगीत'. त्या काळी बहुतेक बायकांच्या हाती पोथी येत नव्हती, पण गाणं पाठ करता येत होतं. जात्यावर, माजघरात म्हणता येत होतं. म्हणजे नवरा-बायकोच्या या गोष्टी वाड्यातल्या पुराणापुरत्या राहिल्या नाहीत, घरात शिरल्या.

हेच काम 2008 साली अमेरिकेतल्या नीना पेली या बाईने केलं. तिचा नवरा नोकरीसाठी तिरुवनंतपुरमला आला होता, आणि त्याने लग्न मोडल्याचं तिला ईमेलवर कळवलं. ईमेलवर! तिने सीतेची गोष्ट घेतली, 1920 च्या दशकातली अ‍ॅनेट हॅनशॉची जुनी गाणी घेतली आणि जवळजवळ एकटीने संगणकावर 'सीता सिंग्ज द ब्लूज' हा सिनेमा बनवला. त्यात अग्निपरीक्षा आहे, सीतात्यागही आहे. काहींना तो खटकला, काहींना फार आवडला. तो तिने सगळ्यांसाठी मोफत खुला केलाय, फोनवर बघता येईल. बघा आणि स्वतः ठरवा.

आता जरा सावित्रीकडे. डेन्मार्कच्या अँडरसनने 1837 मध्ये छोट्या जलपरीची गोष्ट लिहिली. डिस्नीने 1989 मध्ये तिचा शेवट गोड केला, पण मूळ गोष्टीत ती प्रेमासाठी आवाज देऊन टाकते. राजपुत्राला तिचा त्याग कधी कळतच नाही आणि शेवटी तिचा फेस होतो. आपली सावित्री बरोबर उलटी. ती आवाजावरच जिंकते. यम सत्यवानाचे प्राण घेऊन दक्षिणेला निघतो आणि ही मागे बोलत चालते. सासऱ्याची दृष्टी मागते, त्यांचं राज्य मागते, बापाला शंभर मुलगे मागते, मग स्वतःला शंभर मुलगे मागते. यम 'तथास्तु' म्हणून बसतो आणि अडकतो. नवऱ्याशिवाय मुलगे कुठून येणार? खरं आहे, सत्यवानाला वर्षच उरलंय हे तिनेही त्याला सांगितलं नव्हतं. पण त्याला सोडून जायचं तिने ठरवलं नाही. उलट त्या दिवशी सासू-सासऱ्यांची परवानगी घेऊन त्याच्यासोबत रानात गेली.

वडाला दोरा गुंडाळताना आपण उपास आठवतो. तिचं बोलणं विसरतो.

शेवटी इतिहासातली खरी माणसं. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले. मुलं लहान, शहाजी आणि शरीफजी. उमाबाई सती जायला निघाल्या आणि दीर विठोजीराजांनी त्यांना थांबवलं, असं परंपरा सांगते. पुढे 1664 मध्ये शहाजीराजे कर्नाटकात होदिगेरेला घोड्यावरून पडून गेले, तेव्हा जिजाऊही सती जायला निघाल्या होत्या. बखरी सांगतात, शिवरायांनी आईला गळ घालून मागे वळवलं. त्या काळात जोडीदारामागे मरण्याला त्यागाचा मान होता. कुणीतरी समोर येऊन बोललं, म्हणून या दोघी जगल्या. जिजाऊ त्यानंतर दहा वर्षं जगल्या, 1674 चा राज्याभिषेक त्यांनी बघितला.

तर माझ्या मावसभावाला मी काय सांगितलं? म्हटलं, तुझा त्याग खोटा नाही. पण तो तू पहिल्या वनवासासारखा करायला हवा होतास, दुसऱ्यासारखा नाही. त्याने मग वहिनीलाच विचारलं, तुला सांगितलं असतं तर काय म्हणाली असतीस?

ती म्हणाली, "मशीन पुण्यातपण चालतं की."

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, आणि घरच्यांशी बोलत राहा.