मोशन कंट्रोलर घरी वापरताना : वी रिमोटला नेमकं काय कळतं?

हातातला रिमोट फिरवला की टीव्हीवरचा खेळाडू रॅकेट फिरवतो, याचं आज कुणाला फारसं नवल वाटणार नाही. निन्टेन्डोने नोव्हेंबर २००६ मध्ये वी हा कन्सोल आणला आणि हा प्रकार घराघरात पोहोचला. पुढे जगभरात १० कोटींहून जास्त वी विकले गेले. उत्पादन थांबून बरीच वर्षं झाली, पण आपल्याकडे तो अजूनही येत असतो. कधी अमेरिकेतल्या नातेवाइकांनी 'मुलं मोठी झाली' म्हणून बॅगेत घालून आणलेला, कधी जुन्या बाजारात स्वस्तात मिळालेला. मग ओळखीतलं कुणीतरी मला विचारतं, "कर्सर थरथरतो रे, रिमोट गेला का?" बहुतेक वेळा रिमोट ठणठणीत असतो. गडबड खोलीत असते.

पण रिमोटच्या आधी अ‍ॅडॅप्टर बघा. अमेरिकेतून आलेल्या वीचा अ‍ॅडॅप्टर १२० व्होल्टचा असतो. मोबाइल आणि लॅपटॉपच्या चार्जरमुळे आपल्याला सवय झालीय की पिन बदलली की काम झालं. इथे तसं नाही. नुसता पिन कन्व्हर्टर लावून तो आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात घातला तर अ‍ॅडॅप्टर जळू शकतो. त्यावरचं लेबल वाचा. तिथे फक्त १२० व्होल्ट लिहिलं असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, किंवा त्याच कनेक्टरचा १२ व्होल्ट, ३.७ अँपिअरचा, आपल्या विजेवर चालणारा अ‍ॅडॅप्टर. शिवाय वीला एचडीएमआय नाही. लाल-पांढरी-पिवळी केबल तुमच्या टीव्हीला लागते का तेही बघून ठेवा. डिस्कही प्रदेशानुसार बांधलेल्या असतात, अमेरिकन वीवर युरोपातली डिस्क चालत नाही.

रिमोटच्या आत काय आहे?

एक अ‍ॅक्सेलरोमीटर. म्हणजे सिलिकॉनचा अगदी सूक्ष्म ठोकळा, बारीक स्प्रिंगांवर टांगलेला. रिमोटला हिसका बसला की ठोकळा किंचित मागे राहतो, ते अंतर विजेच्या मापात कळतं. तुमच्या फोनमध्येही हेच असतं. गंमत म्हणजे रिमोट टेबलावर गप्प पडलेला असला तरी हा सेन्सर १ जी दाखवतो, कारण गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध टेबल त्याला वर ढकलत असतं. त्यामुळे 'खाली' कुठे आहे हे रिमोटला कळतं आणि तो किती तिरका धरलाय तेही. पण टेबलावर सपाट ठेवून त्याचं तोंड पूर्वेकडून उत्तरेकडे वळवा. 'खाली' तसंच राहिलं, म्हणून स्थिर झाल्यावर त्याच्या लेखी काहीच बदललेलं नसतं.

मग वेग मोजून, त्यावरून जागा काढता येत नाही का? इंजिनिअरिंगला असताना मलाही हे सोपं वाटायचं. त्वरणावरून वेग, वेगावरून अंतर, दोनदा इंटिग्रेशन, झालं. आता समजा सेन्सरची चूक फक्त ०.०५ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. १० सेकंदांत ती ½ × ०.०५ × १०० म्हणजे अडीच मीटर होते. हात जागेवर आणि गेमच्या मते तुम्ही स्वयंपाकघरात! म्हणून वीचे सुरुवातीचे गेम हाताची जागा शोधण्याच्या भानगडीत पडत नाहीत. झटका कधी आला, किती जोरात आणि कुठल्या कलाने, एवढंच बघतात. वी स्पोर्ट्सच्या टेनिसमध्ये खेळाडू आपोआप पळतो, तुम्ही फक्त रॅकेट मारायची.

याचा एक चांगला परिणाम मी घरीच पाहिलाय. माझी आजी खुर्चीत बसून बोलिंग खेळते आणि आम्हाला हरवते. मनगटाची वेळ नेमकी साधली की पुरतं, गुडघ्यांचा संबंधच येत नाही.

२००९ मध्ये मोशनप्लस आलं, त्यात जायरोस्कोप होता. तो फिरण्याचा वेग मोजतो, त्यामुळे वर सांगितलेली पूर्व-उत्तरेची उणीव बरीच भरून निघाली. पण त्याचीही चूक हळूहळू साठत जाते. म्हणून वी स्पोर्ट्स रिसॉर्ट मध्येच 'रिमोट सपाट जागेवर ठेवा' म्हणतो. तेव्हा घाई करून तो हातात धरून ठेवू नका, शून्य कुठे आहे हे त्याला त्या क्षणी शिकायचं असतं.

सेन्सर बारमध्ये सेन्सर नाही

सगळ्यात जास्त घोळ या नावामुळे होतो. टीव्हीजवळ ठेवायची ती काळी पट्टी काहीही ओळखत नाही, काही पाठवत नाही. तिच्या दोन टोकांना इन्फ्रारेड एलईडी आहेत आणि केबलमधून त्यांना फक्त वीज मिळते. कॅमेरा रिमोटच्या तोंडाशी, त्या काळ्या काचेमागे असतो. त्याला दोन ठिपके दिसतात. ठिपके डावीकडे सरकले म्हणजे रिमोट उजवीकडे वळला. त्यांच्यातलं अंतर कमी दिसलं म्हणजे तुम्ही लांब गेलात. बटणं आणि हालचालींची माहिती कन्सोलकडे ब्लूटूथने जाते, बारचा त्याच्याशी संबंध नाही.

कर्सर मुळीच येत नसेल तर कन्सोल चालू करून बारकडे फोनचा कॅमेरा धरा. फोनवर टोकांशी फिकट जांभळे ठिपके दिसायला हवेत. मागच्या कॅमेऱ्यात दिसले नाहीत तर सेल्फी कॅमेऱ्याने बघा, पुष्कळ फोनांत त्याचा इन्फ्रारेड फिल्टर कमजोर असतो.

कर्सर येतो पण उड्या मारतो, तर रिमोटला तिसरा ठिपका दिसतोय. मावळतीच्या उन्हाची खिडकी, जुना पिवळा बल्ब, हॅलोजन. आणि आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे देवघर. टीव्हीच्या शेजारीच देव असलेली घरं भरपूर आहेत. संध्याकाळी निरांजन लावलं की ज्योतीतून इन्फ्रारेड निघतोच आणि रिमोट तिलाच बारचं टोक समजतो. दिवाळीत खिडकीतल्या पणत्यांचंही तेच. एलईडी बल्बचा सहसा त्रास होत नाही. खात्री करायची असेल तर वीच्या सेटिंग्जमध्ये सेन्सर बारची सेन्सिटिव्हिटी उघडा. रिमोटला दिसणारे ठिपके तिथे दिसतात. दोनच हवेत. पडदा ओढा किंवा बार वर-खाली हलवा. फक्त तो टीव्हीच्या वर आहे की खाली, ते सेटिंगमध्ये सांगायला विसरू नका.

जागा आणि दोरी

दहा बाय बाराच्या हॉलमध्ये वी छान चालतो, टीव्हीपासून एक ते अडीच मीटरवर उभं राहायचं. किनेक्टचं तसं नाही. मायक्रोसॉफ्टचा तो २०१० चा कॅमेरा, हातात काहीच धरायचं नाही. पण एकाला ६ फूट आणि दोघांना ८ फूट मोकळी जमीन मागतो. सोफा-टीपॉय हलवून एवढी जागा किती जणांकडे निघते? मला तरी छोट्या फ्लॅटमध्ये वीच बरा वाटतो.

मनगटाची दोरी मात्र घालाच. सुरुवातीच्या रिमोटची दोरी तुटायची, त्यामुळे डिसेंबर २००६ मध्ये निन्टेन्डोने ३२ लाख दोऱ्या बदलून देण्याची तयारी दाखवली होती. जुना रिमोट घेताना बारीक दोरी दिसली तर बदला. तेव्हाचे टीव्ही जाड काचेचे, आताचे पॅनल एका ठोक्यात जातात. वर पंखा आहे हेही उंच्यापुऱ्या मंडळींनी लक्षात ठेवा.

कन्सोलच नाही, नुसता रिमोट मिळालाय? कॉम्प्युटरवर डॉल्फिन एम्युलेटरला तो ब्लूटूथने जोडता येतो. १ आणि २ ही बटणं एकदम दाबा, नाही जमलं तर बॅटरीच्या झाकणाखालचं लाल सिंक बटण. पॉइंटरसाठी यूएसबीवरचा बार घ्या. तोपर्यंत साधारण वीस सेंटीमीटर अंतरावर दोन मेणबत्त्या ठेवल्या तरी चालतं, पण पडद्यापासून आणि लहान मुलांपासून लांब.