सोन्याचा माग

१८८२ सालच्या एप्रिल महिन्यात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी आपल्या सोपाऱ्याचा बुरुड राजाचा कोट खणला. आत दगडी पेटी होती. पेटीत मधोमध तांब्याचा करंडक व सभोवती ब्राँझच्या आठ मूर्ती. त्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांच्या आत सोन्याचा. बरोबर सोन्याची बारीक फुलेही निघाली. सोन्याच्या त्या डबीत काय होते? मातीच्या भांड्याच्या काही खापऱ्या! बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून त्या तुकड्यांचे मोल भक्तांना सोन्याहून अधिक वाटले होते.

आज मला बोलावयाचे आहे ते त्या डबीविषयी. खापऱ्यांची कथा पुन्हा केव्हा तरी. वसईपासून सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा तो लाव्हा. त्यात सोन्याच्या खाणी नाहीत. दक्षिण हिंदुस्थानातील सोने सापडते ते अडीचशे कोटी वर्षांहून जुन्या अशा खडकांत. त्या खडकांना भूशास्त्रज्ञ ‘धारवाडी’ म्हणतात. तेव्हा सोपाऱ्याच्या डबीचे सोने बाहेरून आले, आणि ते येण्यापूर्वी कोणी तरी कोठे तरी ते शोधले होते. हा शोध घेतात कसा, आणि शोधणाऱ्याच्या पदरी काय पडते, एवढाच आजचा विषय आहे.

सोपाऱ्याला अशोकाचा आठवा शिलालेख त्याच १८८२ साली मिळाला, आणि नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये भुईगावला. हे आपल्याला ठाऊक असते. परंतु ज्या लेखात ‘अशोक’ हे नाव स्पष्ट कोरलेले प्रथम आढळले, तो रायचूर जिल्ह्यातील मस्कीचा लेख १९१५ मध्ये बीडन नावाच्या सोन्याच्या खाणीवरील इंजिनिअराला सापडला, हे फारसे सांगितले जात नाही. हा केवळ योगायोग नव्हे. सोने हुडकणारा मनुष्य जुनी वस्ती व जुने खड्डे पाहत हिंडतो. मस्कीजवळच्या हट्टीस पूर्वजांनी सुमारे ६४० फूट खोल खणले होते. खडक तापवावा, पाणी ओतून तडकवावा आणि फोडावा अशी त्यांची रीत. कौटिल्यानेही आकराध्यक्षाला हेच शिकविले आहे: मळी, मुशी, कोळसा व राख दिसली की तेथे पूर्वी खाण होती असे समजावे. सोनेशोधाचे पहिले यंत्र म्हणजे ही अशी नजर.

एकोणिसाव्या शतकात लंडनचे भांडवल आले आणि या नजरेची परीक्षा झाली. ऑस्ट्रेलियातून आलेल्या ब्रो स्मिथ यांच्या १८८० च्या अहवालानंतर मलबारातील वायनाडसाठी तीसहून अधिक कंपन्या उभ्या राहिल्या. बंगले बांधले, यंत्रे आणली. गारगोटी भरडली तेव्हा दगडातून खर्चापुरतेही सोने निघेना, आणि दोन-तीन वर्षांत सारा बाजार उठला. कोलारची म्हैसूर कंपनीही १८८३ मध्ये बुडण्याच्या बेतात होती. शिल्लक राहिलेल्या थोड्या पैशांवर एक शेवटचा प्रयत्न म्हणून कॅप्टन प्लमर यांनी जुन्या लोकांच्या खड्ड्यांखाली उतरून पाहिले, आणि चँपियन शीर हाती लागली. २००१ च्या फेब्रुवारीत बंद पडेपर्यंत कोलारने सुमारे ८०० टन सोने दिले. खोली तीन किलोमीटरांच्या पलीकडे गेली. वायनाड आणि कोलार यांत फरक कौशल्याचा किती व दैवाचा किती, हे भागधारकांना विचारण्यात अर्थ नव्हता.

आपल्याला जवळचे उदाहरण कप्पतगुड्डाचे. गदगजवळची ही डोंगररांग १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होती. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७४ मध्ये येथील सोन्याच्या खडकांवर लिहिले. येथल्या ओढ्यांची वाळू धुऊन जलगार लोक कण गोळा करीत. आपले झारेकरी सोनाराच्या पेढीतील धूळ धुतात, तसेच ते डोंगराची धूळ धूत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कंपन्या येथे उतरल्या. येथील एका खाणीचे नाव आजही ‘सांगली’ आहे, कारण शिरहट्टीचा हा मुलूख सांगली संस्थानाचा होता. पहिल्या महायुद्धाच्या आधीच त्या कंपन्या गेल्या. २०१९ मध्ये कप्पतगुड्डा अभयारण्य झाले, आणि माझ्या मते ते योग्य झाले.

आता नव्या साधनांकडे वळू. ज्या खाणीतून आज सोने काढतात तिच्या एका टन दगडात दोन-तीन ग्रॅम सोने असले तरी समाधान मानतात. ते डोळ्यांना दिसत नाही. जलगाराच्या पाटीत चकाकणारा कण उरला तरच त्याला सोने कळे. गेल्या शतकाच्या नवव्या दशकापासून शोधक ओढ्यातील गाळ काही किलो भरून घेतात, सायनाइडच्या पाण्यात भिजवितात आणि विरघळलेले सोने मोजतात. १८८७ मध्ये ग्लासगोत ज्या रीतीचे पेटंट घेतले गेले, ती सोने काढण्याची रीत येथे सोने हुंगण्यासाठी वापरली जाते. टनात एक मिलिग्रॅम, इतका अंश त्यातून कळतो. एवढ्याने खाण होत नाही. पण कोणत्या ओढ्याच्या वर चढावयाचे ते ठरते. वर गेल्यावर मातीतील आर्सेनिक तपासतात, कारण अनेक ठिकाणी ते सोन्याचे सोबती असते आणि हातात धरण्याच्या क्ष-किरण यंत्राने जागच्या जागी समजते. विमानातून खडकांचे चुंबकत्व मोजतात. जमिनीत वीज सोडून एकदम तोडतात. खाली माक्षिक असेल तर ते क्षणभर ती वीज धरून ठेवते. आणि मग छिद्र. हिऱ्याच्या तोंडाच्या नळीने दगडाची अखंड कांडी निघते, पण ते काम महाग. दुहेरी नळीतून दाबाची हवा सोडून दगडाचा चुरा वर आणणारे यंत्र पुष्कळ स्वस्त व जलद असते.

ही साधने आली म्हणूनच लहान कंपनीला या धंद्यात जागा मिळाली. तिच्यापाशी खाण नसते, गिरणी नसते. दोन-चार भूशास्त्रज्ञ, काही नकाशे आणि लोकांनी भागांत घातलेला पैसा, एवढेच. पण येथेच मेख आहे. यंत्र खोटे बोलत नाही, नमुना खोटा असू शकतो. कॅनडातील ब्रे-एक्स कंपनीने इंडोनेशियातील बुसांग येथे प्रचंड साठा जाहीर केला. कांडीचा अर्धा भाग पुढच्या तपासणीसाठी राखून ठेवण्याचा शिरस्ता; तेथे बहुतेक सगळीच कांडी भरडली जात होती. १९९७ मध्ये दुसऱ्यांनी शेजारी छिद्रे घेतली तेव्हा खाली काहीच नव्हते. भुकटीत घातलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर नदीतल्या सोन्यासारखे कडा झिजलेले! त्यानंतर २००१ मध्ये कॅनडाने अहवालांचे कडक नियम केले, आणि अर्हताप्राप्त मनुष्याची सही सक्तीची झाली.

आपल्याकडे अडचण निराळी. १९९३ च्या धोरणाने सोने खाजगी भांडवलाला खुले झाले, १९९९ मध्ये मोठ्या प्रदेशाची प्राथमिक पाहणी करण्याचा परवाना आला. पाहणी करणाऱ्याला पुढे शोधाचा परवाना आणि मग खाणपट्टा मिळण्यात अग्रहक्क असे. २०१५ च्या दुरुस्तीने पट्टे लिलावाने द्यावयाचे ठरले. यामागचे कारण खोटे नव्हते. खाणवाटपातील वशिलेबाजी देशाने पाहिली होती. जुन्या शोधकांचे अर्ज तेव्हा राखले गेले, पण २०२१ मध्ये प्रलंबित राहिलेले अर्ज खर्चाची भरपाई देऊन संपविण्यात आले. दहा ठिकाणी हात रिकामे घेऊन परतणारा अकराव्या जागेच्या आशेवर जगतो. त्या अकराव्या जागेचा नुसता खर्च परत मिळाला, तर आधीच्या दहांचे काय? आणि उलट, जमिनीखालचे धन जनतेचे असताना केवळ पहिला आला म्हणून एकालाच का द्यावे? मला दोन्ही प्रश्न खरे वाटतात. २०२३ च्या दुरुस्तीत शोधाचा स्वतंत्र परवाना निघाला व लिलावाच्या अधिमूल्यात शोधकाला वाटा ठेवला आहे. पण हा परवानाही लिलावानेच मिळतो.

हावेरी जिल्ह्यातील गणजूर येथे डेक्कन गोल्ड माइन्स या मुंबई शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या गटाने वर्षानुवर्षे छिद्रे घेतली, सोन्याचा साठा मांडला. खाण मात्र झाली नाही. आंध्रात कर्नूल जिल्ह्यातील जोन्नगिरी येथे जिओमायसोर सर्व्हिसेस कंपनीला २०१३ मध्ये पट्टा मिळाला. कारखाना उभा राहीपर्यंत आणखी दशक उलटले. या जोन्नगिरीजवळच एर्रगुडीची टेकडी आहे. तिच्यावर अशोकाचे लेख आहेत, त्यांत आपल्या सोपाऱ्याचा आठवा आणि भुईगावचा नववाही आहे. अशोकाच्या दक्षिणेकडील राजपुत्राचे ठाणे सुवर्णगिरी होते. ते हेच जोन्नगिरी असावे असे काही अभ्यासक मानतात. आणि एर्रगुडीचे लेख प्रथम ओळखणारा मनुष्य, १९२९ च्या सुमारास, एक भूशास्त्रज्ञच होता.