जुने इंजिन ऑइल बॉयलरमध्ये : इंधन आणि मर्यादा

वाहनांच्या सर्व्हिसिंगवेळी काढले जाणारे काळे ऑइल टाकाऊ दिसत असले, तरी त्यातील ऊर्जा संपलेली नसते. प्रतिकिलो सुमारे १०,००० किलोकॅलरी, म्हणजे जवळपास फर्नेस ऑइलइतकीच उष्णता त्यातून मिळते. गोव्यात गॅरेजांबरोबरच मासेमारी ट्रॉलर आणि खनिजवाहू बार्ज यांच्या इंजिनांतूनही असे तेल निघते. स्वस्त इंधन म्हणून बॉयलरचालकांना त्याचा मोह पडणे स्वाभाविक आहे.

तेलात काय असते?
इंजिनची झीज रोखण्यासाठी नव्या तेलात जस्त व फॉस्फरसची, तर आम्लता रोखण्यासाठी कॅल्शियमची संयुगे मिसळलेली असतात. वापरादरम्यान त्यात काजळी, धातूंचा चुरा, पाणी आणि न जळलेले इंधन यांची भर पडते. तेल जळून जाते. धातू मात्र नष्ट होत नाहीत. काही धुराड्यातून हवेत जातात, तर उरलेल्यांची राख बॉयलरच्या नळ्यांवर साचून उष्णता पाण्यापर्यंत पोहोचू देत नाही.

ज्वलनातील अडचणी
हे तेल डिझेलपेक्षा दाट असल्याने साध्या बर्नरमध्ये नीट जळत नाही. पाणी व गाळ तळाशी बसू देणे, तेल गाळणे, तापवून पातळ करणे आणि दाबाच्या हवेने त्याचे तुषार करणे, हे टप्पे आवश्यक असतात. पाणी राहिल्यास तापवताना फेस येतो व ज्योत विझू शकते. पेट्रोल मिसळलेले असल्यास तेल कमी तापमानालाच पेट घेते. सुटे भाग धुण्याचे क्लोरिनयुक्त द्रावण मिसळले असेल, तर ज्वलनातून हायड्रोक्लोरिक आम्ल आणि अपुऱ्या ज्वलनात डायॉक्सिनसारखी विषारी संयुगे तयार होतात.

कायदा काय सांगतो?
२०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. ते साधारणतः ९० दिवसांहून अधिक साठवता येत नाही आणि अधिकृत परवानगी असलेल्यांकडेच सोपवावे लागते. टाकाऊ तेलापासून बनवलेल्या इंधनासाठी मर्यादा ठरलेल्या आहेत : शिसे १०० पीपीएम, आर्सेनिक ५ पीपीएम. त्यामुळे गॅरेजमधील पिंप थेट बॉयलरशी जोडणे नियमात बसत नाही. गोव्यात यासंबंधीची परवानगी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून घ्यावी लागते.

दुसरा मार्ग
वंगणाचे मूळ तेल वापराने फारसे झिजत नाही, ते मळते. शुद्धीकरणानंतर त्यापासून पुन्हा वंगण तयार करता येते. जाळलेले तेल एकदाच उपयोगी पडते. शुद्ध केलेले पुन्हा इंजिनात जाते. त्यासाठी गॅरेजमध्येच इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट आणि धुण्याची द्रावणे वेगवेगळ्या पिंपांत ठेवणे, ही पहिली पायरी ठरते.