सौर पंपाचा चुकलेला भागाकार

शेतीच्या विजेचा विषय निघाला की हल्ली एक उत्तर तयार असते: विहीर तिथे सौर पंप. मांडणी सरळ आहे. खर्च एकदाच, ऊन फुकट, प्लेटांचे आयुष्य पंचवीस वर्षे. शेतकरी बिलातून सुटतो, महावितरण थकबाकीतून सुटते आणि सरकारही दरवर्षीच्या अनुदानातून सुटते. हे मत अभियंते मांडतात, अर्थखाते मांडते, शेतकरी चळवळीतले कार्यकर्तेही मांडतात. मला ते चुकीचे वाटते. पण खोडून काढण्याआधी त्यातले बळ मान्य केले पाहिजे, कारण ते खरे आहे.

२०१० साली राष्ट्रीय सौर मिशनच्या पहिल्या फेरीत सौर विजेचा दर युनिटला अकरा ते पावणेतेरा रुपये होता. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात तो १ रुपया ९९ पैशांवर आला. दहा वर्षांत एवढी घसरण वीजनिर्मितीच्या दुसऱ्या कुठल्याही तंत्रात आपण पाहिलेली नाही. दुसरे बळ रात्रीच्या पाळीचे. महाराष्ट्रात शेतीच्या फीडरला आठ-आठ तास थ्री-फेज वीज आलटून पालटून दिवसा आणि रात्री मिळत आली. मध्यरात्रीनंतर लाईट येणार म्हणून बॅटरी हातात घेऊन दारे धरायला जायचे, बांधावर साप आणि जुन्नरच्या बाजूला उसात बिबट्या. मोटारीला ‘ऑटो’ लावून घरी झोपले तर पाणी कुठल्या सरीत गेले ते सकाळी कळणार. दिवसा पाणी देता येणे ही शेतकऱ्याची रास्त मागणी आहे आणि तिच्यावर माझा कसलाही वाद नाही.

वाद हिशोबाचा आहे. सौर विजेचा खर्च काढताना भांडवलाचा वार्षिक हप्ता वरच्या बाजूला असतो आणि वर्षाकाठी तयार होणारी युनिटे छेदात. मोठ्या सौर प्रकल्पात तयार झालेले जवळपास प्रत्येक युनिट कुणीतरी वापरतो, म्हणून तिथे हा भागाकार बरोबर येतो. विहिरीवर एकट्याने उभ्या असलेल्या पंपाचे तसे नाही. तो ग्रीडला जोडलेला नसतो. त्या दिवशी पिकाला पाणी लागत नसेल तर त्या दिवसाचे ऊन वाया जाते.

आकडे घालून पाहू. पाच एचपीच्या सौर पंपाची किंमत पावणेतीन लाख रुपये धरू. ८ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत धरली तर वर्षाचा हप्ता सुमारे अठ्ठावीस हजार होतो. त्यावरच्या पाचेक किलोवॅटच्या प्लेटा महाराष्ट्राच्या उन्हात वर्षाला ७,००० युनिटांच्या आसपास वीज देऊ शकतात. भागाकार केला की चार रुपयांच्या आसपास युनिट पडते. हाच आकडा सादरीकरणांत दिसतो. आता शेताकडे बघा. जिरायती पट्ट्यातल्या विहिरीवर कांदा, गहू किंवा हरभरा घेणारा शेतकरी पंप किती दिवस चालवतो? १२० दिवस धरले तरी ते हात सैल सोडून धरले असे म्हणावे लागेल. पावसाळ्यात पंप बंद, पीक निघाल्यावर बंद, उन्हाळ्यात विहीर आटली की बंद. वापरलेली युनिटे भरतात जेमतेम २,५००. तोच हप्ता या २,५०० युनिटांनी भागला की युनिट अकरा रुपयांना पडते. यात दुरुस्ती नाही, विमा नाही, चोरीला गेलेली केबल नाही.

हे अकरा रुपये शेतकऱ्याला दिसत नाहीत, कारण ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत तो किमतीच्या १० टक्केच भरतो. अनुसूचित जाती-जमातींसाठी वाटा ५ टक्के आहे. उरलेले पैसे सार्वजनिक तिजोरीतून येतात. शेतकऱ्याने पंप घेतला तर तो शहाणपणाच करतो, पण जी रक्कम राज्य भरते तिचा हिशोब राज्याने शेतकऱ्याच्या वाट्यावरून करू नये.

एमआयटीतले अर्थतज्ज्ञ पॉल जोस्कॉव यांनी २०११ साली दाखवून दिले की सौर आणि पवन विजेची तुलना निव्वळ सरासरी युनिट-खर्चावर करणे ही मुळातली चूक आहे. वीज कोणत्या वेळी मिळते आणि त्या वेळी तिची किंमत काय, हे पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही. आपल्याला मात्र हा धडा शिकायला अमेरिकेत जायचे कारण नव्हते. गुहागर तालुक्यात दाभोळचा प्रकल्प उभा राहिला, तेव्हा त्याचा युनिट-दरही प्रकल्प जवळपास पूर्ण क्षमतेने चालेल असे धरून काढला होता. १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाल्यावर वीज मंडळाने कमी वीज उचलली, स्थिर आकार मात्र तेवढाच राहिला, आणि दर सात रुपयांच्या वर गेला. २००१ मध्ये मंडळाने खरेदी थांबवली. माधव गोडबोले समितीने त्याची चिकित्सा केली. पुण्याच्या ‘प्रयास’ गटाने त्याआधीच धोक्याची सूचना दिली होती. तिथे इंधन नाफ्था होते, इथे ऊन आहे. छेदातली चूक तीच आहे.

यावर उत्तर येते की ऊस लावला तर पंप बारमाही चालेल आणि छेद वाढेल. वाढेल खरा. पण पंपाचा हिशोब ज्या पिकाने सुधारतो त्याच पिकाने विहिरीचा बिघडतो. राज्याचा ८० टक्क्यांहून अधिक भाग दख्खनच्या बेसाल्टवर आहे आणि या खडकात पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरातच साठते. मराठवाड्यातल्या कितीतरी विहिरी जानेवारीनंतर दोन-तीन तासांत उपसतात आणि पुन्हा भरायला रात्र घेतात. पाणी संपले की कंट्रोलर ‘ड्राय रन’ दाखवून मोटार बंद करतो आणि लख्ख उन्हात प्लेटा तशाच उभ्या राहतात. असे असताना योजनेत पंपाची क्षमता ठरते जमिनीवरून: अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५, त्यापुढे साडेसात. विहिरीचा झरा किती, हा प्रश्न त्या कोष्टकात येतच नाही. माझ्या मते सगळ्या योजनेतली सर्वांत महागडी चूक हीच आहे.

पातळी खाली गेल्याचा परिणामही मोजता येतो. एक युनिट वीज तत्त्वतः ३६७ घनमीटर पाणी एक मीटर उचलते. निम्मी ऊर्जा पंप आणि पाईपात जाते असे धरले, तर दिवसाच्या २० युनिटांत ५० मीटरवरून सुमारे ७३,००० लिटर पाणी निघते. पातळी ७५ मीटरवर गेली की तेवढ्याच विजेत ४९,००० लिटर. मग साहजिकच मोठा पंप मागितला जातो आणि बोअर खोल नेली जाते. २००९ च्या भूजल कायद्याने अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंदी घातली आहे. ती किती पाळली जाते हे बोअरच्या गाड्या गावोगाव सांगतात.

कंट्रोलर बदलून त्याच प्लेटांवर कडबाकुट्टी किंवा पिठाची चक्की चालवता येते, असा आणखी एक बचाव आहे. चांगली सोय आहे, द्यावी. पण कडबाकुट्टी दिवसाला अर्धा-पाऊण तास चालते, आणि चक्कीला गिऱ्हाईक लागते ते वस्तीत. विहीर असते रानात.

मग करायचे काय? प्लेटा विहिरीवरून काढून उपकेंद्राजवळ न्यायच्या. २०१७ साली सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना नेमके हे करते. उपकेंद्रापासून काही किलोमीटरांच्या आत काही मेगावॅटचा प्रकल्प उभा राहतो आणि शेतीच्या फीडरला दिवसा वीज देतो. श्रावणात पंप बंद असले तरी ती वीज त्याच उपकेंद्रावरच्या दुकानांना, गिरण्यांना जाते. छेदात जवळपास सगळी युनिटे येतात. या प्रकल्पांचे दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास आले आहेत. तारांचा खर्च आणि गळती धरली तरी, माझ्या अंदाजाने, विहिरीपर्यंत युनिट पाच-सहा रुपयांत पोहोचते. जमीन देणाऱ्याला हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे मिळते, म्हणजे खडकाळ माळालाही उत्पन्न. आणि रात्रीची पाळी संपते, जी शेतकऱ्याची मूळ मागणी होती.

शेतकरी यावर विचारतो: डीपी जळाली तर? महिनाभर रोहित्र बदलून न मिळाल्याने ज्याचे पीक वाळले आहे, त्याने तारेवर भरवसा का ठेवावा? हा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो. स्वतःच्या विहिरीवरचा पंप महाग असला तरी स्वतःचा असतो. पण याचे उत्तर डीपी वेळेत बदलणे हे आहे. एकेका पंपामागे वाया जाणाऱ्या भांडवलातला थोडा वाटा जरी रोहित्रे आणि वायरमनच्या जागा भरण्यावर गेला, तरी बरेच काही साधेल. तारांची दुरवस्था तशीच सोडून प्रत्येकाला वेगळा पंप देणे हे त्या कामातून अंग काढून घेणे आहे.

सौर पंप सगळीकडे चुकीचा आहे, असे मी म्हणत नाही. अक्कलकुव्यात, धडगावात, गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात, जिथे खांब न्यायलाच पंपाइतका खर्च येतो, तिथे तो द्यायलाच हवा आणि पूर्ण अनुदानावर द्यावा. दुसरा मार्ग गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावाने दाखवला. तिथे शेतकऱ्यांच्या सहकारी मंडळीने पंपांच्या प्लेटा ग्रीडला जोडल्या, आणि वीज कंपनीने उरलेली वीज युनिटला ४ रुपये ६३ पैशांनी घेण्याचा पंचवीस वर्षांचा करार केला. पाणी उपसले नाही तर पैसे मिळतात, हे कळल्यावर पंप बंद ठेवायलाही कारण सापडते. आपल्याकडे मात्र शेतीच्या नव्या जोडणीसाठी अर्ज केला की, विहीर खांबापासून शंभर मीटरवर असली तरी, बोट सौर पंपाकडेच दाखवले जाते.

या पंपांवर दूरनियंत्रण यंत्रणा बसवलेली असते. कोणता पंप किती तास चालला, किती युनिटे वापरली, याची नोंद रोज होते. राज्याने ती तालुकावार प्रसिद्ध करावी: बसवलेली क्षमता, तयार होऊ शकणारी युनिटे, वापरलेली युनिटे, आणि शेजारी भूजल सर्वेक्षण यंत्रणेने मोजलेली विहिरींची पातळी. ज्या तालुक्यात वापर एक तृतीयांशाच्या खाली आहे, तिथे पुढचे पंप थांबवून तो पैसा फीडरकडे वळवावा. माझे १२० दिवस चुकीचे असतील तर तेही त्यातून उघड होईल आणि माझा अकरा रुपयांचा आकडा मागे पडेल.