फावल्या वेळाचे रंगकाम
(नभोवाणीवरील भाषण)

'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार आपण नेहमी वापरतो. एखाद्या सूचनेला हरताळ फासला म्हणजे ती पार निकालात काढली, असे आपण समजतो. बाजारपेठ बंद ठेवण्याचा हरताळ निराळा. हा हरताळ म्हणजे एक पिवळे खनिज होय. हाताने पोथी लिहिताना चूक झाली, की लेखनिक त्या अक्षरांवर हरताळाचा लेप देई आणि चुकलेला मजकूर झाकून टाकी. त्याच लेखनिकाजवळ हिंगुळाची तांबडी शाईही असे. मूळ मजकूर काळ्या शाईने लिहावयाचा. श्लोकाचे अंक, दंड, 'उवाच'सारखे बोलणाऱ्याचे निर्देश आणि अध्यायाची समाप्ती तांबड्या शाईने दाखवावयाची, अशी पद्धत अनेक पोथ्यांतून दिसते. काय सांगितले आहे ते काळ्या अक्षरांतून कळे. कोण सांगतो आहे आणि ते कोठे सुरू होऊन कोठे संपते, हे तांबड्या अक्षरांतून कळे.

आपल्या बेळगाव, चिकोडी, निपाणी या भागाला याच्या उलट टोकाचाही परिचय आहे. हा मुलूख १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता आणि येथील जुन्या दप्तरांतून मोडी लिपीतील कागद आढळतात. मोडी लिहिणारा आधी ओळभर शिरोरेघ ओढून घेतो आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जातो. दोन शब्दांमध्ये मोकळी जागा नाही, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. शब्द कोठे तुटतो हे वाचणाऱ्याने मागच्यापुढच्या संदर्भावरून ठरवावयाचे. एका ठिकाणी तोड चुकली, की पुढच्या साऱ्या ओळीचा अर्थ बिघडतो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आज मला बोलावयाचे आहे ते संगणकावरील अशाच एका रंगकामाविषयी. बेळगावात १९७९ साली गोगटे तंत्रशिक्षण संस्था सुरू झाली. पुढे १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाचे मुख्य ठाणेही बेळगावातच आहे. निपाणीसारख्या गावीही आता अभियांत्रिकीचे शिक्षण मिळते. या विद्यालयांतील विद्यार्थी संगणकाला द्यावयाच्या आज्ञा ज्या साधनात लिहितो, त्याला टेक्स्ट एडिटर म्हणतात. आपण त्याला संपादक म्हणू. विद्यार्थी लिहीत जातो आणि पडद्यावर अक्षरे रंगत जातात. भाषेचे ठरलेले शब्द एका रंगात, अवतरणातील मजकूर दुसऱ्या रंगात, आणि लिहिणाऱ्याने स्वतःसाठी केलेली टिपणे तिसऱ्या रंगात. अवतरणचिन्ह मिटावयाचे राहिले तर पुढचा मजकूर भलत्याच रंगाचा होतो आणि चूक क्षणात ध्यानी येते. हिंगुळाचे काम येथे यंत्र करते. परंतु यंत्र हे काम कधी करते? विद्यार्थ्याची बोटे तर सारखी चालू असतात. या प्रश्नाच्या उत्तराला चांगला साठ वर्षांचा इतिहास आहे.

प्रारंभी असा प्रश्नच उद्भवत नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा देशातच बांधलेला संगणक १९६० साली चालू झाला आणि १९६४ साली तेथे परदेशी बनावटीचा सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. त्या काळच्या मोठ्या यंत्रांचा शिरस्ता असा, की ऐंशी रकान्यांच्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर भोके पाडून आज्ञा लिहावयाच्या, एका पत्त्यावर एक ओळ. पत्त्यांचा गठ्ठा यंत्रशाळेत द्यावयाचा आणि उत्तराची वाट पाहत बसावयाचे. स्वल्पविराम चुकला असेल तर गठ्ठा परत येई आणि पुन्हा रांगेत लागावे लागे. यंत्र अतोनात महाग, तेव्हा ते क्षणभरही रिकामे राहता कामा नये. माणूस तासन्‌तास रिकामा राहिला तरी चालेल, असा तो हिशेब होता.

हा हिशेब उलटा करण्याचा मोठा प्रयत्न अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत झाला. फर्नांडो कोर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली एकाच यंत्रावर अनेकांना एकाच वेळी काम करता येईल अशी व्यवस्था करून दाखविली. तिच्या मुळाशी एक साधे निरीक्षण होते. कळफलकापुढे बसलेला माणूस टंकलेखन थोडे करतो आणि विचार फार करतो. यंत्राच्या गतीने मोजले, तर त्याच्या दोन अक्षरांमध्ये एक प्रदीर्घ काळ जातो. तो काळ दुसऱ्याला द्यावा. आणि कोणालाच गरज नसेल तेव्हा मागे ठेवलेली गठ्ठ्यांची कामे पुढे सरकवावीत. समोर बसलेल्या माणसाचे काम आधी, मागचे काम फावल्या वेळात, हा दंडक येथे रूढ झाला.

याच संस्थेत १९७६ साली रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांनी ईमॅक्स नावाचा संपादक तयार केला. त्यात या दंडकाचे एक नमुनेदार उदाहरण सापडते. मजकूर बदलला की पडदा नव्याने रेखाटावा लागतो, आणि त्या काळी त्याला वेळ लागे. ईमॅक्स रेखाटण्यास आरंभ करी. परंतु मध्येच माणसाने आणखी एखादी कळ दाबली, तर रेखाटणे अर्धवट सोडून आधी त्या कळेची दखल घेई. अर्धा पडदा शिळा राहिला तरी बेहत्तर, पण लिहिणाऱ्याची बोटे अडता कामा नयेत.

रंग आले ते त्यानंतर. ऑक्सफर्डच्या प्रख्यात इंग्रजी शब्दकोशाची नवी आवृत्ती संगणकावर तयार करण्याचे काम निघाले, तेव्हा आयबीएम कंपनीचे माइक कौलिशॉ यांनी १९८५ च्या सुमारास 'लेक्स' नावाचा संपादक लिहिला. शब्दकोशातील एका नोंदीत मूळ शब्द, उच्चार, व्युत्पत्ति, अर्थ, अवतरणे अशी दाटीवाटी असते. लेक्स ती नोंद लिहिता लिहिताच तपासून तिचे निरनिराळे भाग निरनिराळ्या रंगांत व वळणांत दाखवी. तो वीस खंडांचा कोश १९८९ साली प्रसिद्ध झाला. पोथीच्या लेखनिकाला जे हवे होते तेच कोशकारालाही हवे होते, असे म्हणावयास हरकत नाही.

ईमॅक्सच्या घराण्यात रंग आणले जेमी झाविन्स्की यांनी, १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत. परंतु एक अडचण उभी राहिली. फाईल उघडली की ती पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत रंगवावयाची, अशी रीत होती. लहान फाईल चटकन रंगे. मोठी असली की माणूस पुन्हा वाट पाहत बसे. फार मोठ्या, म्हणजे सुमारे अडीच लाख अक्षरांपलीकडच्या, फाईलला रंगच द्यावयाचा नाही अशी मर्यादा घालावी लागली. ज्या वाट पाहण्यातून तीस वर्षांपूर्वी सुटका झाली होती, तेच वाट पाहणे रंगाच्या मिषाने परत आले.

त्यावर सायमन मार्शल यांनी 'लेझी लॉक', म्हणजे आळशी रंगकामाची, तोड काढली. पडद्यावर दिसेल तेवढाच भाग आधी रंगवावा. उरलेला माणूस स्वस्थ बसेल तेव्हा. पुढे गेर्ड म्योलमान यांनी हीच कल्पना नव्याने बांधली आणि ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या ईमॅक्सच्या एकविसाव्या आवृत्तीत ती सर्वांना मिळाली. तिची कार्यपद्धति समजून घेण्याजोगी आहे. मजकुराच्या ज्या भागाला रंग लागला नाही, त्याची संपादक आठवण ठेवतो. तो भाग पडद्यावर आला, की ऐन वेळी त्याला रंग दिला जातो. शिवाय तीन सेकंदांपर्यंत एकही कळ दाबली गेली नाही, तर संपादक न दिसणाऱ्या भागाकडे वळतो आणि सुमारे पाचशे अक्षरांचा एक तुकडा रंगवितो. मग क्षणभर थांबतो. मग दुसरा तुकडा. यंत्रावर इतर कामांचा भार अधिक असेल तर तो आणखी थांबतो. कळ वाजली की हातातील तुकड्यापुरते काम आवरून बाजूला होतो. या पद्धतीला इंग्रजीत जे नाव दिले, त्याचा भाव आपल्या 'चोरपावलांनी' या शब्दात नेमका उतरतो.

'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी' असे आपल्याकडे म्हणतात. रिकामपणाच्या निरर्थक उद्योगाची ती थट्टा आहे. येथे उद्योग निरर्थक नाही. माणूस पुढे ज्या पानावर जाईल, ते पान तो पोहोचण्यापूर्वीच रंगवून ठेवले जाते. मात्र त्या उद्योगाला एक अट आहे. हा वेळ संपादकाच्या मालकीचा नव्हे. शेजारच्या घरून वाटीभर साखर उसनी आणावी तसा तो उसना आणलेला असतो, आणि धन्याने मागताक्षणी परत करावयाचा असतो. तुकडे लहान ठेवावयाचे ते यासाठीच. मोठा तुकडा हाती घेतला तर परतफेडीला उशीर होईल.

आता मोडीची आठवण करावी. लिहिणाऱ्याने वर कोठेतरी टिपण सुरू केल्याची खूण टाकली आणि ते मिटविले नाही, तर त्या खुणेपासून खालचा सारा मजकूर टिपणाचाच भाग ठरतो. एका खुणेने शेकडो ओळींचे रंग बदलतात, आणि दुसऱ्याच क्षणी तो माणूस मिटविण्याची खूण टाकून सारे पूर्ववत करतो. तेव्हा प्रत्येक कळेसरशी खालचे सर्व काही पुन्हा रंगविणे हा निव्वळ अपव्यय होय. म्हणून संदर्भावर अवलंबून असणारे हे रंग थोड्या उसंतीनंतर दुरुस्त करावेत असे ठरले. पुढच्या आवृत्तीत ही उसंत अर्ध्या सेकंदाची झाली. माणसाचे बोलणे पुरे होऊ द्यावे आणि मग अर्थ लावावा, हे सौजन्य यंत्राला शिकवावे लागले.

या कथेचा उत्तरार्ध अधिक विचार करावयास लावणारा आहे. २००७ साली ईमॅक्सची बाविसावी आवृत्ती आली, तेव्हा न दिसणारा भाग चोरपावलांनी रंगविण्याची ही सोय मुळातच बंद करून देण्यात आली. हवी असेल त्याने ती चालू करून घ्यावी. कर्त्यांनी दिलेले कारण असे, की आताच्या यंत्रांवर ऐन वेळी रंगविणे पुरेसे जलद होते. तरीही संपादक अडखळत असेल, तर रंगाचे नियमच सदोष आहेत असे समजावे. अर्ध्या सेकंदाची संदर्भ-दुरुस्ती मात्र तशीच राहिली. फावल्या वेळातील दोन कामांपैकी एक निवृत्त झाले आणि एक टिकले. पहिले केवळ पुढची तजवीज करीत होते. दुसरे डोळ्यांसमोरची चूक दुरुस्त करीत होते.

त्या निवृत्तीचे समर्थन आणखी एका बाजूने करता येईल. यंत्र रिकामे दिसते तेव्हा ते खरोखर रिकामे असतेच असे नाही. ज्याला आपण फावला वेळ म्हणतो, त्यात बॅटरीवर चालणारे यंत्र वीज राखीत असते, तापलेले यंत्र निवत असते, आणि सामाईक यंत्रावर तोच वेळ दुसऱ्या कोणाच्या कामाचा असतो. माणूस कदाचित कधी उघडणारही नाही असे पान रंगविण्यासाठी हे सारे खर्ची घालावे काय, हा विवेक आहे.

म्हणून तत्त्व मात्र मोडीत निघाले नाही. जालपृष्ठे दाखविणाऱ्या आजच्या ब्राउझरांतही मागची कामे फावल्या वेळात करण्याची व्यवस्था आहे, आणि तेथे एका वेळी जास्तीत जास्त पन्नास सहस्रांश सेकंदांचीच मुभा मिळते. सुमारे शंभर सहस्रांश सेकंदांच्या आत प्रतिसाद मिळाला तर माणसाला तो तत्काळ वाटतो. निम्मा अवधि काढून ठेवला, म्हणजे मध्येच आलेल्या कळेला वेळेवर उत्तर देता येते. कोर्बातोंचा दंडक आजही पाळला जातो. फक्त त्याची मोजमापे सूक्ष्म झाली आहेत.

श्रोतेहो, यंत्र दिवसेंदिवस स्वस्त होत जाते, तसतसे त्याच्याजवळ करावयास सांगण्याजोगे कामही वाढत जाते, आणि पुन्हा पुन्हा माणसाला थांबविण्याचा मोह तयार होतो. महागडे नवे यंत्र ज्याच्यापुढे आहे त्याला हे जाणवत नाही. लहान गावातील प्रयोगशाळेत, जुन्या यंत्रापुढे, अनेकांत वाटून घेतलेल्या घटकाभराच्या वेळेत जो विद्यार्थी आपली पहिली आज्ञावली लिहितो, त्याला ते प्रत्येक अक्षरागणिक जाणवते. संपादक लिहिणाऱ्यांनी हा विद्यार्थी नजरेपुढे ठेवावा. त्याचे अक्षर आधी उमटले पाहिजे. रंग मागाहून आला तरी चालेल.