तक्रारवहीचा हिशेब



ज्या खात्यातून सर्वांत जास्त तक्रारी येतात ते खाते सर्वांत वाईट, असा व्यवस्थापकांचा समज असतो. आम्हा संघटनेच्या माणसांचा अनुभव निराळा आहे. तक्रार वहीत उतरायला नुसता दोष पुरत नाही. तो पाहणारा डोळा लागतो आणि तो सांगण्याची सोयही लागते. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा, म्हणजे ज्याची संहिता कोणीही उघडून वाचावी व सुधारावी अशा सॉफ्टवेअरचा, इतिहास हेच सांगतो.

१९९३ साली सुरू झालेल्या डेबियन प्रकल्पाची तक्रारवही सर्वांना खुली आहे. कोणते पॅकेज किती संगणकांवर आहे, याची ऐच्छिक मोजणीही तेथे होते. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या, तर सर्वसाधारणपणे ज्याचा वापर अधिक त्याच्या तक्रारी अधिक, असे दिसते. म्हणून ते पॅकेज निकृष्ट ठरत नाही. त्याला हाताळणारे हात अधिक, एवढेच.

एरिक रेमंड यांनी १९९७ साली असे प्रतिपादन केले की, पाहणारे पुष्कळ असले म्हणजे दोष लपून राहत नाही. परंतु वापरणारा आणि पाहणारा एकच असतो काय?

ओपनएसएसएलचे उदाहरण घ्या. इंटरनेटवरील गुप्त व्यवहार सांभाळणारे हे सॉफ्टवेअर लाखो संकेतस्थळांवर होते. मार्च २०१२ च्या आवृत्तीत एक दोष शिरला; त्यातून परक्याला यंत्राच्या स्मृतीतला मजकूर वाचता येई. ‘हार्टब्लीड’ नावाने तो जाहीर झाला ७ एप्रिल २०१४ रोजी. दोन वर्षे सारे जग तो वापरीत होते! त्या वेळी या कामावर पूर्णवेळ राबणारा माणूस एकच होता, आणि देणग्या वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलर.

बोभाटा झाल्यावर त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनने मोठ्या कंपन्यांकडून निधी उभारला. माणसे वाढली, तपासणी सुरू झाली; आणि पुढील दोन वर्षांत पूर्वीपेक्षा अधिक दोष जाहीर झाले! सॉफ्टवेअर बिघडले नव्हते, श्रोतेहो. ते कोणीतरी वाचू लागले होते.

तेव्हा कोरी तक्रारवही पाहून समाधान मानू नका. ती कोणी तपासली आणि त्या तपासणाऱ्याला त्याच्या श्रमाचा मोबदला मिळाला काय, हे आधी विचारा.